घोडं पेंड कुठे खातंय?

११ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याने भरलेली दहा वाघिणींची गाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूर स्टेशनात लागली. 'जलदूत' हे नाव तिला चिकटलं. एका खेपेला साधारण पाच लाख लिटर पाणी. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. म्हणजे या खेपेत माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी आलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, त्यामुळे तेवढ्याचीही देशभर बातमी झाली. बातमीत दिसली ती गाडी.

गाडीच्या मागेपुढे जी कामांची साखळी होती, ती फोटोत मावणारी नव्हती. वाघिणी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कार्यशाळेत वाफेने धुऊन घेतल्या होत्या. मिरजेला कृष्णेचं पाणी उचलून वाघिणींच्या तोंडापर्यंत आणायचं होतं. पुढे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता, आणि चालू गाड्यांच्या वेळापत्रकात या गाडीला वाट करून द्यायची. लातूरला पाणी उतरवायचं, साठवायचं, शुद्ध करायचं आणि टँकरने गल्लोगल्ली पोचवायचं. यात रेल्वे होती, दोन जिल्ह्यांचं प्रशासन होतं, महापालिका होती; कोणीच कोणाच्या हाताखालचं नव्हतं.

अशा कामात पन्नास वाघिणी रुळावर उभ्या करून भागत नाही. त्या भरायला मिरजेत तेवढे नळ लागतात आणि रित्या करायला लातुरात तेवढी सोय लागते. पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी धावायला लागली ती सुरुवातीच्या छोट्या खेपांनंतर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. पाऊस लागेपर्यंत शंभराहून जास्त खेपा झाल्या. या सगळ्या काळात कोणत्याही अधिकाऱ्याला रोज सकाळी पडणारा प्रश्न एकच असणार: आज घोडं पेंड कुठे खातंय? मिरजेच्या नळावर, रुळावर, की लातूरला पाणी उतरवताना?

क्लाउडवरची प्रोजेक्ट मॅनेजमेंटची साधनं याच प्रश्नाचं उत्तर विकतात. ट्रेलो, आसना, जिरा, झोहो प्रोजेक्ट्स, बेसकॅम्प, मंडे, क्लिकअप, मायक्रोसॉफ्ट प्लॅनर. यांची तुलना शोधायला गेलं की हाती लागतो तो बरोबरच्या खुणांचा लांबलचक तक्ता. कशात कॅलेंडर आहे, कशात रिपोर्ट आहे, कशात चॅट आहे. ज्याच्यापुढे जास्त खुणा तो श्रेष्ठ, असा त्याचा सूर असतो. हे तक्ते बाजूला ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. आज बहुतेक साधनांत बहुतेक गोष्टी आहेत. नसतील तर पुढच्या वर्षी येतील. फरक आहे तो प्रत्येक साधनाने काम म्हणजे काय असं मुळात धरलंय, त्यात. कोणी कामाला यादी समजतं, कोणी सरकणारी कार्डं, कोणी पट्ट्या, कोणी रकाने. तुमचं काम ज्या आकाराचं, त्या आकाराचं साधन घेतलं तर अडलेली जागा डोळ्यांपुढे येते. भलतंच घेतलं तर महिनाभर सगळे माहिती भरत बसतात आणि मग पुन्हा फोनाफोनी सुरू होते.

एकच प्रत, सगळ्यांपुढे

क्लाउड म्हणजे इथे एवढंच की कामाची नोंद तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नसते. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि प्रत्येक जण ब्राउझरमधून किंवा फोनवरून तीच प्रत बघतो. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण तिने बराच फरक पडला. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट १९८४ पासून बाजारात होतं. त्यात केलेला आराखडा एका माणसाच्या कॉम्प्युटरवर राहायचा, छापून भिंतीवर लागायचा आणि भिंतीवर लागेपर्यंत शिळा व्हायचा. २००४ मध्ये बेसकॅम्प आलं, तेव्हा ब्राउझर उघडला की काम समोर ही सवय हळूहळू लागली. दोनच वर्षांनी झोहो प्रोजेक्ट्स आणि गूगलची शीट आली. ट्रेलो २०११चं.

आराखडा करणारा आणि काम करणारा एकच प्रत बघू लागले, तेव्हा एक अडचणही पुढे आली. काम झाल्याची नोंद कोणी करायची? भिंतीवरचा कागद शिळा होता हे सगळ्यांना ठाऊक असायचं. स्क्रीनवरचा आराखडा मात्र ताजा दिसतो, मग त्यात पंधरा दिवस कोणी हात घातला नसला तरी.

पट्ट्या: तारीख हलत नाही तेव्हा

नांदेडला २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी नांदेडातच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं, त्याला तीनशे वर्षं पूर्ण होत होती. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुख्य सोहळा. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेत नांदेडचा समावेश झाला आणि रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घाट अशी शहराची कामं एकदम निघाली. सरकारी कामाला मुदतवाढ मिळते. तीनशेव्या वर्षाला मुदतवाढ नसते. अशा वेळी शेवटची तारीख खिळ्यासारखी ठोकायची आणि तिथून मागे मोजत यायचं.

या मागे मोजण्याचं चित्र म्हणजे गँट चार्ट. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने १९१०च्या दशकात तो रूढ केला. डावीकडे कामं, वर तारखा आणि प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी. पुढे १९५७च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत तयार झाली: कोणती कामं एक दिवस लांबली तर अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो, आणि कोणती लांबली तरी फरक पडत नाही, हे गणिताने काढायचं. जवळपास त्याच वेळी अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' नावाची भावंडपद्धत बसवली. आज झोहो प्रोजेक्ट्समध्ये एका पट्टीचं टोक दुसऱ्या पट्टीला बाणाने जोडलं की त्यामागे हेच गणित चालतं.

ते कुठे कामाला येतं हे एका स्लॅबवरून बघू. समजा नांदेडला तरोडा नाक्याच्या बाजूला एका ठेकेदाराने तीन मजली इमारत घेतली आहे. सेंट्रिंग ठोकायचं, त्यावर सळई बांधायची, मग वायरमनने पाइप आणि फॅनचे बॉक्स टाकायचे, इंजिनिअरने तपासायचं, मग काँक्रीट. वायरमनला निरोप गेला नाही आणि मिक्सर येऊन उभा राहिला, तर दोनच वाटा उरतात: मिक्सर थांबवा, नाहीतर फॅनच्या बॉक्सवाचून स्लॅब टाका आणि पुढे छिन्नी चालवा. काँक्रीट झालं की पाणी मारायचं. खालचे टेकू लगेच निघत नाहीत. साधं पोर्टलंड सिमेंट असेल तर भारतीय मानक ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी काढायचे असतात.

आता खरी मेख. सेंट्रिंगच्या प्लेटा तेवढे दिवस अडकून पडतात. ठेकेदाराची दुसरी साइट नांदेडच्याच सिडको भागात चालू असेल आणि तिथलं सेंट्रिंग याच प्लेटांवर ठरलेलं असेल, तर तरोड्याचा स्लॅब दोन दिवस लांबला की सिडकोतला सुतार दोन दिवस रिकामा बसतो. दोन्ही साइटचे स्वतंत्र व्हॉट्सॲप ग्रुप आहेत आणि दोन्हीकडे 'काम चालू आहे' असेच मेसेज आहेत. दोन्ही साइट एका तक्त्यावर पट्ट्यांनी मांडल्या आणि 'प्लेटा' हे दोन्ही कामांचं सामाईक साहित्य म्हणून नोंदवलं, तर एकमेकांवर चढलेल्या पट्ट्या आठवडाभर आधी दिसतात.

म्हणून बांधकाम, यंत्रं बसवणं, लग्नकार्य, परिषद भरवणं, जिथे हे झाल्याशिवाय ते होत नाही आणि शेवटची तारीख ठरलेली आहे, तिथे पट्ट्या आणि जोडबाण असलेलं साधन घ्यावं. झोहो प्रोजेक्ट्समध्ये ते मूळ रचनेतच आहे. आसना आणि ट्रेलोत वेळेच्या पट्टीचं दृश्य पैसे भरून मिळतं. ट्रेलोचं फुकट खातं घेऊन त्यात स्लॅबचं काम मांडणाऱ्याने ट्रेलोला नावं ठेवू नयेत. ते त्यासाठी केलेलंच नाही.

कार्डं: तेच काम पुन्हा पुन्हा

लातूरला जाऊ. 'लातूर पॅटर्न' म्हणजे राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांनी गाजलेलं नाव. आता त्याभोवती 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या क्लासेसचं मोठं गाव वसलं आहे. क्लास म्हटलं की लोकांना फळा आणि शिक्षक दिसतात. आतला धबडगा वेगळाच असतो: दर आठवड्याची टेस्ट. नीटचा पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. तेवढे प्रश्न दर आठवड्याला जमवायचे, टाइप करायचे, तपासायचे, उत्तरसूची करायची, छापायचे, ओएमआर शीट तपासायच्या आणि दुसऱ्या दिवशी पालकांच्या मोबाइलवर गुण पाठवायचे.

इथे पट्ट्यांचा उपयोग कमी. प्रत्येक टेस्टचा रस्ता तोच आहे. एका वेळी पाच-सहा टेस्ट त्या रस्त्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. यासाठी कानबान बोर्ड. जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी १९५०च्या दशकात भागांच्या पुरवठ्यासाठी कार्डांची पद्धत बसवली. पुढच्या टप्प्याने कार्ड दिल्याशिवाय मागच्याने माल करायचा नाही, हा तिचा गाभा. ट्रेलोचा बोर्ड दिसतो तसाच: उभे रकाने आणि त्यांतून डावीकडून उजवीकडे सरकणारी कार्डं. क्लाससाठी रकाने होतील 'प्रश्न आले', 'टायपिंग', 'तपासणी', 'दुरुस्ती', 'छपाई', 'निकाल'. 'टेस्ट १४ – भौतिक' हे एक कार्ड. त्यावर शिक्षकाचं नाव, तारीख आणि फाइल.

बोर्ड लावल्यावर पहिल्या आठवड्यातच बहुतेक ठिकाणी एकच रकाना फुगतो. क्लासच्या बाबतीत तो 'तपासणी'चा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण टाइप करणारे दोन-तीन असतात आणि तपासणारे सर एकच, तेही दिवसभर वर्गात. मालकाला इतके दिवस वाटत असतं की टायपिस्ट हळू आहेत. आणखी एक टायपिस्ट ठेवला की सरांच्या टेबलावरचा ढीग आणखी वाढतो. कानबानचा उपाय रकान्याला मर्यादा घालण्याचा: तपासणीत तीनपेक्षा जास्त कार्डं नकोत. चौथं तयार असेल तर टायपिस्टने ते पुढे ढकलायचं नाही. हातातलं ठेवून सरांना उत्तरसूची जुळवायला मदत करायची. ही मर्यादा घालायची सोय जिराच्या बोर्डावर मुळातच असते, ट्रेलोत ती पॉवर-अप नावाच्या जोडणीने बसवावी लागते. बहुतेक लोक रकाने करतात आणि मर्यादा घालत नाहीत. मग तो बोर्ड शोभेचा होतो.

इथे एक आपल्याकडची अडचण सांगायलाच हवी. मराठी माध्यमाच्या प्रती, सूचना, पालकांची पत्रकं अजून अनेक डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये करतात. तो मजकूर कार्डात चिकटवला की रोमन अक्षरांचा भुगा दिसतो. फाइल जोडली तर ती उघडते, पण तिच्यातलं काही शोधता येत नाही. साधन कोणतंही घ्या, कार्डावरची नावं तरी युनिकोडमध्ये लिहायची हा नियम पहिल्या दिवशी करावा. 'तपासणी' आणि 'तपासनी' हे साधनाला दोन वेगळे शब्द वाटतात, तेव्हा रकान्यांची आणि कामांची नावं एकदाच ठरवून सगळ्यांनी तीच वापरावीत.

जिरा आणि बदलत जाणारी मागणी

जिराबद्दल थोडक्यात, कारण हे ज्यांना लागतं त्यांना ते आधीच माहीत असतं. अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००२ मध्ये ते सॉफ्टवेअरमधल्या चुकांची नोंद ठेवायला काढलं. प्रत्येक चुकीला क्रमांक, कोणी कळवली, कोणाकडे आहे, कोणत्या आवृत्तीत सुटली, याचा पक्का इतिहास. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतून बाहेर पडलेली मुलं पुण्यात नोकरीला लागली की पहिल्या आठवड्यात जिराच उघडतात. दहा माणसांपर्यंत ते फुकट आहे. तरी चार माणसांच्या दुकानाने ते घेऊ नये. त्याच्या सेटिंगमध्ये एक माणूस कायमचा गुंतून पडतो.

त्याची खरी ताकद आहे बदलाचा माग ठेवण्यात. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचा डबे कारखाना आहे; मार्च २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा तयार झाला. तिथे भारत-रशिया भागीदारीतून वंदे भारत स्लीपर गाड्या बनवायचं ठरलं, आणि करारानंतर शौचालयं, पँट्री, सामानाची जागा यांवरून आराखड्याची चर्चा लांबली. ही भानगड कोणत्याही मोठ्या कामात होते: मागणाऱ्याची मागणी बदलते. तेव्हा कोणी, कधी, काय बदलायला सांगितलं आणि त्यामुळे कोणतं काम मागे गेलं, याची नोंद नसली तर शेवटी दोष आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यावर येतो. छोट्या कामात हीच नोंद बेसकॅम्पच्या चर्चेत किंवा कार्डाच्या टिप्पणीतही ठेवता येते. 'पार्टीने खिडकी दोन फूट सरकवायला सांगितली' एवढी एक ओळ, तारखेसह, बिलाच्या वेळी उपयोगी पडते.

रकाने: एकाच कामाच्या हजारो ओळी

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. नंतर जागतिक बँकेच्या कर्जाने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवायची होती, आणि त्याशिवाय दीड लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचं होतं. ५२ गावं हे पट्ट्यांचं काम: जमीन घेणं, आखणी, रस्ते, घरं. दीड लाख घरं हे रकान्यांचं काम. प्रत्येक घर म्हणजे एक ओळ: मालकाचं नाव, नुकसानीचा प्रकार, मिळालेले हप्ते, झालेलं काम.

या दुसऱ्या कामात एक वेगळी गोष्ट घडली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने शेकडो गावांतल्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. हप्ता कधी मिळतो, त्यासाठी काय दाखवावं लागतं, कोपऱ्याला सळई का टाकायची, हे त्या घरोघरी सांगायच्या आणि गावातल्या अडचणी वर पोचवायच्या. ओळ भरणारा माणूस तालुक्याच्या ऑफिसात बसून असला तर रकाना रिकामा राहतो किंवा अंदाजाने भरला जातो. गावातलं माणूस बोललं की त्यात खरं काय ते येतं.

आज ग्रामीण घरकुलाच्या योजनेत पाया, भिंती, छत अशा टप्प्यांना घराचा फोटो ठिकाणासह मोबाइल ॲपवरून चढवतात आणि पुढचा हप्ता थेट खात्यात जातो. हेही एक प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं साधनच आहे, फक्त ते कोणी त्या नावाने ओळखत नाही. खासगी कामात हाच आकार मंडे, एअरटेबल आणि साधी गूगल शीट यांत मिळतो. लातूरच्या दाळ मिलला शंभर व्यापाऱ्यांच्या मालाची आवक, ओलावा, भाव आणि देणं सांभाळायचं असेल, किंवा एखाद्या संस्थेला तीनशे शेततळ्यांचा हिशेब ठेवायचा असेल, तर शीटने सुरुवात करावी. अर्ध्याहून जास्त लोकांना पुढे जायची गरजच पडत नाही. शीट पुरत नाही हे कळायची खूण म्हणजे तीन माणसं एकाच वेळी गाळणी लावतात आणि एकमेकांच्या ओळी गायब करतात.

'ओके सर'

नांदेड-लातूरला या सगळ्या साधनांचा खरा स्पर्धक व्हॉट्सॲप आहे. ते फुकट आहे, सेंट्रिंगवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांच्या फोनवर आहे, ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, आणि व्हॉइस मेसेज करायला लिहिता यावं लागत नाही. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यात कामाची अवस्था कुठेच साठत नाही. 'उद्या सळई पाठवा' याला 'ओके सर' असं उत्तर येतं, त्याखाली तीन गुड मॉर्निंग आणि एक वाढदिवस येतो आणि सळई पाठवली का हे कळायला पुन्हा फोन करावा लागतो. 'ओके' म्हणजे वाचलं, मान्य केलं की काम झालं, हे तिघांना तीन प्रकारे वाटतं.

व्हॉट्सॲप बंद करून सगळ्यांना नव्या ॲपवर आणण्याचा फतवा सहसा टिकत नाही. त्यापेक्षा बोलणं व्हॉट्सॲपवर आणि नोंद साधनात, अशी वाटणी करावी. आणि नोंदीचं काम एका माणसाला द्यावं, बहुधा सुपरवायझरला किंवा ऑफिसातल्या मुलीला. साइटवरचा माणूस फोटो टाकेल, तो फोटो कार्डावर चढवून कार्ड सरकवायचं काम तिचं. म्हणूनच साधन निवडताना मालकाला ते आवडलं का हे न विचारता, ती एका हाताने चहा घेत, दुसऱ्या हाताने फोनवरून कार्ड हलवू शकते का हे बघावं. या परीक्षेत ट्रेलो चांगलं उतरतं. त्याचं फोनवरचं ॲप नेट नसताना केलेले बदल साठवून ठेवतं आणि रेंज आली की चढवतं. गूगल शीटही ऑफलाइन ठेवता येते. मुखेड किंवा अहमदपूरच्या बाजूच्या साइटवर याचं मोल कळतं. क्लिकअप आणि मंडे यांत इतकी बटणं आहेत की पहिला महिना शिकण्यातच जातो. ज्यांच्याकडे शिकवायला माणूस आहे त्यांनीच त्या वाटेला जावं.

पैसे, डॉलर आणि खातं

जवळपास सगळी साधनं माणशी, दरमहा पैसे घेतात. दरमहा माणशी दहा डॉलर ऐकायला कमी वाटतात. बारा माणसं, बारा महिने म्हणजे १,४४० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर सव्वा लाखाच्या आसपास, जीएसटीचा हिशेब वेगळा. फुकट खात्यांना मर्यादा असतात: ट्रेलोत दहा बोर्ड आणि दहा माणसं, मंडेत दोनच जागा, आणि पैसे भरायचे ठरवलं तर किमान तीन जागांपासून सुरुवात. बेसकॅम्पमध्ये माणशी दराबरोबरच कितीही माणसांना एक ठोक दर असाही पर्याय आहे. तीसच्या पुढे माणसं असलेल्या संस्थेने तो हिशेब करून बघावा.

दुसरी अडचण पैसे भरण्याची. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना आगाऊ सूचना आणि मर्यादेपुढे ओटीपी लागतो. ती मर्यादा आधी पाच हजार होती, २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. परदेशी कंपन्यांची वर्गणी यामुळे अनेकांच्या कार्डावर अडकली. झोहो रुपयांत बिल देतं. ही कंपनी चेन्नईची; तिचे सहसंस्थापक श्रीधर वेम्बू यांनी तमिळनाडूतल्या तेनकाशी या नांदेडहून लहान शहराच्या परिसरात ऑफिस चालवून दाखवलं. त्यामुळे नांदेडला बसून असं सॉफ्टवेअर बनत नाही, असं म्हणायला आता सबब उरलेली नाही.

क्लाउडवरचं साधन बंद पडतं का? पडतं. ५ एप्रिल २०२२ला अ‍ॅटलासियनच्या एका देखभालीच्या स्क्रिप्टला चुकीचे क्रमांक दिले गेले आणि एक जुनं ॲप पुसण्याऐवजी ग्राहकांच्या पूर्ण साइट पुसल्या गेल्या. ७७५ ग्राहकांचं जिरा आणि इतर काम थांबलं. काहींना परत मिळायला दोन आठवडे लागले. वुंडरलिस्ट हे लोकांचं आवडतं यादीचं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. म्हणून निवडीच्या वेळी हे विचारावं की माहिती बाहेर काढता येते का आणि कोणत्या रूपात. ट्रेलोचं फुकट खातं जेसन नावाच्या रूपात माहिती देतं, जे माणसाला सरळ वाचता येत नाही. एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल पैसे भरणाऱ्यांना मिळते.

त्याहून जास्त वेळा होतं ते साधं आहे. खातं कोणीतरी हौशी मुलाने स्वतःच्या जीमेलवरून उघडलेलं असतं. तो पुण्याला नोकरीला जातो, आणि दोन वर्षांचे बोर्ड, फोटो, मोजमापाच्या वहीचे स्कॅन, सगळं त्याच्या पासवर्डमागे राहतं. खातं फर्मच्या ईमेलवर उघडावं, ॲडमिनचे हक्क दोघांकडे असावेत, आणि महिन्याच्या शेवटी सगळी माहिती एकदा उतरवून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवावी. वर्षाची वर्गणी भरण्याआधी हे एका दुपारी करून बघता येतं: एक खोटा प्रकल्प टाकायचा, त्यात पाच कामं, दोन फोटो, एक मराठी टिप्पणी, आणि मग सगळं बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडायचं. मराठी शाबूत आलं, फोटो सापडले आणि तारखा महिना-दिवस उलट्या झाल्या नाहीत, तर पैसे भरायला हरकत नाही.